रंध्याची नवमी

आमच्या घरात सकाळ व्हायची ती रंध्याच्या आवाजाने. नाना, म्हणजे माझे वडील, गावचे सुतार. ऊन चढायच्या आत लाकडावरचं जड काम उरकून घ्यायचं ही त्यांची रीत. अंथरुणातच कळायचं, आज लाकूड सागाचं आहे की बाभळीचं. साग असला तर रंधा लांब, सरळ श्वास घेतल्यासारखा वाजायचा आणि बाभूळ असली की अडखळायचा, मध्येच थांबायचा, मग नाना लाकडाशी काहीतरी पुटपुटायचे. आई त्यांनी काढलेली सालपटं सुपात गोळा करून चुलीत घालायची. त्यामुळे आमच्या भाकरीला लाकडाचा वास येतो असं शेजारणी म्हणायच्या. मला तो वास कधी जाणवला नाही. आता इथे नगरला मुलाच्या फ्लॅटमध्ये गॅसवरची भाकरी खाताना मात्र काहीतरी कमी आहे असं रोज वाटतं आणि सून बिचारी पीठ बदलून बघते. (नगरचं नाव आता अहिल्यानगर झालंय. माझ्या तोंडात जुनंच बसलंय, त्याला इलाज नाही.)

मी नववीत होते. आमचं गाव नेवाशाच्या बाजूला, प्रवरेच्या काठी. शाळा गावाच्या टोकाला, पुढे मोठं मैदान आणि मैदानापलीकडे ऊस. त्या मैदानावर संध्याकाळी मुलगे कबड्डी खेळायचे आणि मुली व्हरांड्यात बसून भरतकाम करायच्या. भरतकामाचा मला मनापासून कंटाळा होता. एक पोपट मी सातवीपासून भरत होते आणि नववीतही त्याला पाय आले नव्हते. आई म्हणायची, "बापाच्या हातात येवढी कला, आन् हिच्या हातात सुई दिली की दोऱ्याचा गुंता." तिचं खरंच होतं. मला बसून करायचं काहीच जमायचं नाही.

त्या जूनमध्ये शाळेत गाडेकरबाई आल्या. बारीक अंगाच्या, नाकात चमकी, साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी व्हरांड्यात येऊन आमचे रुमाल बघितले, माझा पोपट बघितला आणि विचारलं, "पळता येतं का गं तुला?" मी म्हटलं, येतं. तेवढ्यावर आमचा खो-खोचा संघ सुरू झाला. बाई मुलींसाठी मैदान मागायला हेडसरांकडे गेल्या तेव्हा आम्ही खिडकीखाली उभ्या होतो. हेडसर वाईट नव्हते, पण त्यांना कुठलीही नवी गोष्ट म्हणजे नवी कटकट वाटायची. ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत खेळवा. तालुक्याच्या स्पर्धेत काही करून दाखवलं तर दुसऱ्या सत्रातही अर्धं मैदान मुलींचं. नाहीतर सुईदोरा आहेच." बाईंनी "चालेल" म्हटलं. मी खिडकीखाली मनातल्या मनात माझ्या पोपटाचा निरोप घेतला.

मैदान म्हणजे नुसते गोटे होते. आम्ही आठवडाभर घमेल्यांनी दगड वेचले, शाळेच्या आडाचं पाणी शेंदून शिंपडलं, चुन्याच्या फक्कीने रेघा मारल्या. राहिले खांब. खो-खोला दोन्ही टोकांना छातीएवढे दोन खांब लागतात. पाठलाग करणारी मुलगी धावत धावत खांबापर्यंत जाते, खांब हातात धरून गर्रकन वळते आणि पलीकडच्या बाजूला झेपावते. खांब पक्का असेल तरच तो खेळ. बाई म्हणाल्या, खांब शाळेकडून मिळायला दिवाळी उजाडेल. मी घरी येऊन नानांना सांगितलं. ते बैलगाडीच्या दांड्यांसाठी ठेवलेल्या बाभळीच्या लाकडाकडे बघत विडी ओढत बसले. मग म्हणाले, "किती जाड पायजे?" मी दोन्ही हातांचे पंजे जोडून दाखवले. "तुझ्या हाताच्या मापाचं म्हन की," ते म्हणाले. ज्यांची गाडी होती त्या पाटलांना पुढे पंधरा दिवस "लाकूड मुरतंय अजून" असं सांगण्यात आलं.

खांब झाले तेव्हा नानांनी ते खांद्यावर टाकून शाळेत आणले आणि स्वतः खड्डे खणून पुरले. तेव्हापासून रोज संध्याकाळी कामावरून येताना ते मैदानाच्या कडेला थांबायचे. खेळातलं त्यांना काही कळायचं नाही. ते खांबाकडे बघायचे. मी खांब धरून वळले आणि खांब हलला नाही की ते घरी जायचे.

शमीम आमची कर्णधार. तिचे अब्बा उसाचा आणि भाजीपाल्याचा टेम्पो चालवायचे. शमीम बुटकी आणि अंगाने भरलेली, तिला बघून कुणालाही वाटावं ही काय पळणार, आणि तिथेच समोरचा गडी फसायचा. ती माझी अगदी जवळची मैत्रीण. मधल्या सुट्टीत आमचे डबे अदलाबदल व्हायचे. माझ्या आईचे हुलग्याचे शेंगोळे तिला लई आवडायचे आणि तिच्या घरच्या खिम्याच्या वासाने मला भूक आवरायची नाही, फक्त तो खाल्ल्याचं घरी सांगायचं नव्हतं. मुलींचा पोशाख म्हणजे शाळेचा परकर आणि आत भावाची अर्धी चड्डी. पहिल्या पावसाळ्यातच सगळ्यांचे परकर गुडघ्यापाशी फाटले. आई रफू करता करता म्हणायची, "खांबासंगं पोरीलाबी लाकडाचीच घडवायला पायजे हुती." पण करायची. पाय लाल मातीने भरून घरी आलं की चुलीवरचं गरम पाणी तयार असायचं.

त्या सत्रात आणखीही बरंच झालं. पंधरा ऑगस्टला मी भाषण विसरले आणि लेझीम नीट खेळले. शमीमला गणितात पैकीच्या पैकी मिळाले, जे आजवर कुणाला मिळाले नव्हते. पण मला ते सगळं कडेकडेचं आठवतं. मधोमध आठवते ती शाळा सुटल्यानंतरची वेळ. उसावरून येणारा वारा, बसलेल्या मुलींच्या पाठीवर पडणारी "खो"ची थाप आणि तिच्यासरशी अंगातून निघून जाणारं दिवसभराचं जडपण. त्या वेळेसाठी मी सकाळी उठायचे. ती वेळ दिवाळीनंतर राहणार नाही ही कल्पना मला सहन व्हायची नाही. खोटं कशाला सांगू, देवापुढे मी परीक्षेसाठी कधी हात जोडले नाहीत, मैदानासाठी रोज जोडले.

आम्ही दोन सामने जिंकलो. तालुक्याचा शेवटचा सामना आमच्याच मैदानावर ठरला आणि तो आला नेमका खंडेनवमीला.

खंडेनवमी म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस. त्या दिवशी सगळी अवजारं धुऊनपुसून पाटावर मांडायची, तेलाचा हात फिरवायचा, हळदकुंकू वाहायचं, झेंडू घालायचा. आणि मग दिवसभर त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर ती आपल्यासाठी राबतात, तो एक दिवस त्यांच्या सुट्टीचा. शेतकऱ्याचा नांगर, लोहाराचा घण, न्हाव्याचा वस्तरा, शिंपिणीची कात्री, सगळं गाव त्या दिवशी मोकळ्या हातांनी फिरायचं. नाना तर यात इतके कडक की एकदा आमच्या खाटेचा पाय मोडला तेव्हा आम्ही रात्रभर जमिनीवर झोपलो, पण त्यांनी हातोडी उचलली नव्हती.

आदल्या दिवशी संध्याकाळी ते मला म्हणाले, "रत्ने, उद्या खांबाची पूजा कराया पायजे. तुमचं अवजारच हाय ते."

मी म्हटलं, "मग खेळायचं कसं नाना? पूजेनंतर हात लावायचा नसतो ना?"

त्यांनी विचार केला. "खांब नुस्ता हुबा ऱ्हातो. त्याला कुठं काय काम करायचंय? पळायचं तुमाला हाय. त्याची सुट्टी काय मोडत न्हाई." आणि आपल्याच या निवाड्यावर ते खूश झाले.

मी ही गोष्ट शमीमला सांगितली आणि शमीमने सगळ्या संघाला. पहाटे आम्ही मैदानावर जमलो तर प्रत्येकीच्या हातात वाटी. आपल्या घरचंही तेल खांबाला लागलं पाहिजे असं सगळ्यांच्या आयांना वाटलं होतं. कुणाचं करडईचं, कुणाचं शेंगदाण्याचं. शमीमनेही आणलं होतं. "आमचे अब्बा बी टेम्पोला तेल-कुंकू लावत्यात, हार घालत्यात," ती म्हणाली, "गाडीला काय ठावं कुनाची पूजा ते." नानांनी बोटाला लावून एक रेघ ओढली असती. आम्ही ओंजळीने चोळलं. बाभळीचं लाकूड तोवर तीन महिने आमच्या हातांनी घासून गुळगुळीत झालं होतं, ते आणखी तेल काय पिणार? पण खांब उगवत्या उन्हात असे चमकले की आम्हाला फार बरं वाटलं. वर हळदकुंकू, झेंडूच्या माळा. आणि पूजा झाल्यावर अर्थातच कुणीही खांबाला हात लावला नाही.

दुपारी पलीकडच्या संघाचा ट्रॅक्टर आला. त्यांच्या सगळ्या मुलींच्या पायात कॅनव्हासचे बूट होते. पंचांनी रेघा मोजल्या, बाईंनी माळांचा दोरा कात्रीने न कापता दाताने तोडला, कारण कात्रीलाही सुट्टी होती. अर्धं गाव रिकाम्या हातांनी बघायला आलेलं. नाना कुंपणाशी, कपाळावर कुंकवाचा टिळा, अंगात धुतलेला सदरा.

पाठलाग आधी आमचा होता. शमीमने मला खो दिला, मी समोरच्या मुलीमागे धावले, खांब आला, नेहमीसारखा हात टाकला, आणि हातात काहीच आलं नाही. खांब तिथेच होता, पण हात माशावरून सटकावा तसा सटकला आणि मी तोंडावर पडले. हनुवटीला माती आणि रक्त. लोक हसले. मला वाटलं माझंच चुकलं. दुसऱ्या खेपेला आमची आणखी एक मुलगी तशीच पडली. मग त्यांची मुलगी खांबाला वळसा घालायला गेली आणि तिचा कोपर सोलवटला. तिने आपला हात बघितला. तळवा तेलाने आणि कुंकवाने लाल झाला होता.

त्यांचे सर मैदानात आले, खांबाला बोट लावलं आणि ते बोट पंचांपुढे धरलं. "ही खेळायची रीत झाली का? आमच्या मुली पडाव्यात म्हणून तेल चोपडलंय."

शमीम हात झटकत म्हणाली, "सर, पयल्यांदा आमीच पडलो न्हवं."

पंच समजूतदार होते, खंडेनवमी त्यांनाही होती. पण नियम नियमच. मैदान नीट ठेवणं ही यजमान शाळेची जबाबदारी. खांब ठीक करायला त्यांनी अर्धा तास दिला. नाही झाले तर सामना पाहुण्यांचा. आम्ही माती फासली, राख फासली, परकराच्या टोकाने पुसलं. तेल लाकडावर पसरत गेलं, जाईना. हेडसर बाईंना हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी म्हणत होतो ते हेच. मैदान आहे की देवघर?" बाई खांब पुसतच राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी त्या एकदाच बघितलं.

मग गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "वरचं साल काढलं तर व्हईल की. रंधा मारायचा." आणि सगळ्यांच्या माना कुंपणाकडे वळल्या. कारण रंधा कुणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत होतं, आणि आज कुठला दिवस आहे हेही. नानांना सांगायची कुणाची छाती नव्हती. हेडसरांचीसुद्धा नव्हती.

नानांनी माझ्याकडे बघितलं. मला ते हवं होतं. पण मागायचं धाडस नव्हतं, आणि आपल्या बापाकडून असलं काही मागू नये एवढंही कळत होतं. मी हनुवटीवरचं रक्त पुसत खाली बघत राहिले. मान वर केली तेव्हा कुंपणाशी नाना नव्हते.

पुढचं आईकडून कळलेलं. ती स्वयंपाकघरात पुरणाची डाळ निवडत होती. नाना आले, पायरीशी वहाणा काढल्या आणि ओसरीवर मांडलेल्या अवजारांपुढे उभे राहिले. करवत, वाकस, पटाश्या, हातोडी आणि मधोमध तो मोठा रंधा, त्यांच्या आजोबांपासूनचा, झेंडूत बुडालेला. ते हात जोडून काहीतरी बोलले. मग वाकून त्यांनी रंधा उचलला. आई म्हणायची, "माझ्या हातातलं सूपच खाली पडलं. म्हनलं, आवं आज? तर म्हनले, लेकीची वेळ हाय." एवढंच. आणि गेले.

ते मैदानात आले तेव्हा रंध्यावर कुंकू तसंच होतं, पात्यापाशी एक झेंडूचं फूल अडकलेलं. लोकांनी वाट दिली. एक म्हातारे पुढे होऊन म्हणाले, "आरं, नवमी हाय." नाना म्हणाले, "ठावं हाय." गुडघे टेकून त्यांनी पहिला खांब डाव्या हाताने धरला आणि वरून खाली रंधा ओढला. बाभूळ अडखळली. ते नेहमीसारखं काहीतरी पुटपुटले. मग तो आवाज सुरू झाला, ज्याने मी रोज सकाळी जागी व्हायचे, आणि भर दुपारी, शंभर लोकांपुढे, तेलाने आणि कुंकवाने माखलेली पातळ लाल सालपटं आमच्या मैदानावर पडायला लागली. हेडसरांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दोन्ही खांब झाल्यावर नानांनी मला बोलावलं. "धरून बघ." मी धरला. खरखरीत, कोरडा, ओळखीचा. "वळ," ते म्हणाले. मी वळले. खांब हलला नाही. ते रंधा सदऱ्याच्या टोकाने पुसत परत कुंपणाशी गेले.

सामना आम्ही जिंकलो. फार मोठा नाही, एका गड्याने. शेवटचा गडी मी टिपला, खांबावरूनच. त्या झेपेत काही कौशल्य होतं असं आता मला वाटत नाही. मला फक्त एवढं माहीत होतं की हा खांब आज हातातून सुटता कामा नये. शमीम ओरडत येऊन माझ्या पाठीवर बसली आणि आम्ही दोघी परत मातीत. पलीकडच्या सरांनी जाताना नानांना नमस्कार केला. पुढे नगरला जिल्ह्याच्या स्पर्धेत आम्ही पहिल्याच सामन्यात सपाटून हरलो आणि येताना बसस्टँडवर पोटभर भेळ खाल्ली. पण हेडसरांनी शब्द पाळला. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा अर्ध्या मैदानावर फक्कीच्या रेघा नव्याने मारलेल्या होत्या. माझा पोपट शेवटपर्यंत बिनपायाचाच राहिला.

त्या नवमीच्या संध्याकाळी आईने पुरणाच्या पोळ्या केल्या होत्या. रंधा ओसरीच्या कडेला तसाच ठेवलेला. आईने भीत भीत विचारलं, "ह्याला परत मांडू का पाटावर?"

नानांनी मान हलवली. "न्हाई. ते समदे आराम करत्यात. ह्यो काम करून आलाय. ह्याची सुट्टी ह्याला दिलीच पायजे. ह्याला उद्या बसवू."

दुसऱ्या दिवशी दसरा. दसऱ्याला सुताराने कामाचा मुहूर्त करायचा असतो, नाना मोठ्या रंध्याने लाकडावर एक हात मारायचे. त्या वर्षी त्यांनी तो लहान रंध्याने मारला. मोठा रंधा दिवसभर एकटा पाटावर होता, नवं कुंकू, नवा झेंडू. संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन शमीम आली, तिने एक पान मला दिलं, एक नानांना, आणि एक कुणाला न विचारता रंध्यापुढे ठेवलं. नाना हसले. त्यांना हसताना मी फारसं बघितलेलं नाही, म्हणून लक्षात आहे.

पुढच्या वर्षी तसंच झालं. त्याच्या पुढच्याही. नाना गेले, तरी तसंच. आता गावात माझ्या धाकट्या भावाच्या मुलाचा कारखाना आहे, विजेवरची यंत्रं, कानठळ्या बसवणारा आवाज. तो रंधा कुणी वापरत नाही, त्याचं पातं झिजून बोटाएवढं राहिलंय. मागच्या दसऱ्याला मी गेले होते. यंत्रांच्या पूजा आदल्या दिवशीच झालेल्या, ती सुरूही झालेली. आणि ओसरीवर पाटावर एकटा रंधा. माझ्या गुडघ्यांमुळे मला आता खाली बसता येत नाही, म्हणून मी खुर्चीवरून त्याला झेंडू वाहिला. भावाची नात, पहिलीतली, जवळ येऊन उभी राहिली. तिने आजोबांना विचारलं, "आबा, सगळ्यांची पूजा काल झाली, मग ह्याची आजच का?"

माझा भाऊ करवतीची पट्टी बसवत होता. त्याने मानही वर केली नाही.

"काल त्याची मॅच असती," तो म्हणाला.